आपल्या टॉकीजचा अर्ज

बाळारामकाका, आधी माफ करा. तुमच्यावर लिहायचा मान माझा नाही. तो तुमच्या मुलीचा, शोभाताईचा आहे, नाहीतर चंद्रदीप टॉकीजमध्ये तुमच्याबरोबर आयुष्य काढलेल्या कुणाचा तरी. मी तुम्हाला ओळखत होतो जेमतेम आठ महिने. तरी सरांनी कॉलेजच्या अंकासाठी मलाच लिहायला सांगितलं, कारण प्रकल्पासाठी मी तुमच्याकडे येत होतो आणि तुम्ही गेल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं. मी हो म्हणालो. मोठ्या माणसांना चटकन हो म्हणायची मला सवय आहे. तुमच्या बाबतीतही तेच झालं.

चार दिवस वही उघडून बसतोय. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, कुठल्या सालापासून सिनेमाचं मशीन चालवलंत, हे सगळं प्रकल्पात आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसलो की एकच वाक्य पुढे येतं. तेच आधी लिहून टाकतो. काका, टॉकीजसाठीचा तुमचा अर्ज मी पालिकेत दिला नव्हता. दिला म्हणून सांगितलं, ते खोटं होतं.

तुम्हाला पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी गेटसमोर उभा राहून मोबाईलवर फोटो काढत होतो. चंद्रदीप इतकी वर्षं बंद आहे की टेंभी नाक्याकडून येणाऱ्याला लोक पत्ता सांगताना तिचं नाव घेतात, पण तिच्याकडे मान वळवत नाहीत. तुम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेलात. तिथून ओरडलात की तिकडून अर्धंच नाव येतंय, इकडे येऊन काढ. मी आलो. कुठल्या पेपरचा, असं तुम्ही विचारलंत. पेपरचा नाही, टीवायला आहे, बंद पडलेल्या चित्रपटगृहांवर प्रकल्प करतोय, असं मी सांगितलं. तुम्ही चहावाल्याकडे वळलात.

"बघ रे, आपण अजून मेलो पण नाय, नि पोरांनी अभ्यासाला घेतलं."

त्या दिवसापासून तुम्ही मला मास्तर म्हणायला लागलात. आधी चिडवायला म्हणत होतात, नंतर सवयीने. मला ते आवडायचं, हे कधी सांगितलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. खडवलीला बाबा वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवतात. गावात कुणाला तलाठ्याकडे कागद द्यायचा असला की आई म्हणते, आमचा लिहून देईल. तुम्हीही सातवीत शाळा सोडून वडिलांबरोबर मिठागरावर गेलेले. लिहिणाऱ्या माणसाबद्दल तुम्हाला आणि माझ्या आईला एकसारखाच विश्वास.

मालकांनी टॉकीजच्या मागच्या दाराची चावी तुमच्याकडे ठेवलेली होती. दर शुक्रवारी सकाळी तुम्ही ते दार उघडायचात. शुक्रवार म्हणजे नवा सिनेमा लागायचा दिवस, आणि पहिल्या खेळाआधी मशीनला हार घालून उदबत्ती लावायची ही चंद्रदीपची पद्धत. टॉकीज बंद पडली तरी तुमचा शुक्रवार चालूच राहिला. झेंडूचा लहान हार, दोन उदबत्त्या, मग मशीनला तेल. मग हातानेच ते फिरवायचात, जाम होऊ नये म्हणून. खालच्या अंधारात त्या टरटर आवाजाने कबुतरं उडायची. एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, आता रिळं कुठे येतात काका, सगळं डिस्कवर येतं, हे फिरवून उपयोग काय. तुम्ही तेलाचा हात फडक्याला पुसत म्हणालात, "तू रोज सकाळी दात घासतोस, ते काय लग्नाला जायचं असतं म्हणून?"

आपलं एक भांडण अर्धवटच राहिलं. मी म्हणायचो, टॉकीज उद्या चालू झाली तरी येणार कोण? खोपट भागातल्या तुमच्या घरात, मागे एसटी डेपोचा भोंगा चालू असायचा. बोलता बोलता अनाउन्समेंट झाली की तुम्ही थांबायचात, गाडी कुठे चालली ते ऐकून घ्यायचात आणि वाक्य जिथे सोडलं तिथून उचलायचात. एके दिवशी मी माझ्या वर्गाचं उदाहरण दिलं. साठ जणांच्या वर्गात गेल्या वर्षभरात थिएटरात गेलेले अकरा, बाकी सगळे फोनवर बघतात. तुम्ही ऐकून घेतलंत. नाशिकची गाडी लागली, तीही ऐकलीत. मग म्हणालात, "फोनवर बघताना हसलास तर बाजूचा विचारतो काय झालं. टॉकीजमध्ये कोणी विचारत नाय. तेवढाच फरक आहे, बाकी सिनेमा तोच." मी म्हटलं, एवढ्याशा फरकासाठी कोण तिकीट काढेल? तुम्ही म्हणालात, विचार करून सांगतो. काका, तुम्ही विचार केला असेल. मीच परत विचारलं नाही.

माझी आई एकदाच ठाण्याला सिनेमाला आलेली, तीही चंद्रदीपला. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, नवरात्रात नाक्यावरच्या देवीचं दर्शन घेऊन चार जावा-नणंदा मिळून. बायकांची वेगळी खिडकी होती म्हणून तिकीट मिळालं, हे ती अजून सांगते. ऐन रडायच्या जागी रीळ तुटलं आणि सगळी टॉकीज शिट्ट्या मारायला लागली, हेही सांगते. मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही खाली बघितलंत, जसं काही परवाच झालंय. म्हणालात, आईला सांग, त्या दिवशी मशीनवर मीच असणार, चूक माझी. तिला घेऊन ये, तुटलं त्याच्या पुढचं सगळं तोंडी सांगतो. आई हसली, म्हणाली भात काढून झाला की जाऊ. भात काढून झाला. मी तिला आणलं नाही. मला तेव्हा प्रकल्पाची घाई होती.

मग गेटवर ती नोटीस लागली. टॉकीजच्या जागेचा वापर बदलून तिथे दुकानं आणि घरं बांधायची आहेत, कोणाची हरकत किंवा सूचना असल्यास तीस दिवसांत लेखी द्यावी. मीच तुम्हाला ती वाचून दाखवली, मोतीबिंदूमुळे तुम्हाला बारीक अक्षर दिसत नव्हतं. तुम्ही दोनदा वाचायला लावलीत. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही विचारलंत, "म्हणजे ते आपल्याला विचारतायत?" मी हो म्हटलं. तुमचा चेहरा असा झाला की कुणीतरी बऱ्याच वर्षांनी तुमचं मत विचारलंय. बुकिंगच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, लिव.

तुम्ही सांगितलेलं मी वहीत जसंच्या तसं उतरवलं होतं. ते असं आहे: "मी बाळाराम, चंद्रदीप टॉकीजचा ऑपरेटर. वरती घरं बांधा, खाली दुकानं काढा, माझी ना नाय. फक्त एक हॉल ठेवा. शंभर खुर्च्यांचा ठेवा, नायतर पन्नासचा. इथल्या चाळींतल्या बाया मॉलमध्ये जात नाहीत, दारातल्या तपासणीलाच लाजतात. त्यांच्यासाठी चालत जायच्या अंतरावर काहीतरी असू द्या. मशीन मी चालू ठेवलं आहे. पाडायच्या आधी साहेबांनी एकदा आत येऊन बसावं. मी दिवे बंद करून दाखवीन."

एवढंच. हे पान फाडून, पाकिटात घालून त्याच दिवशी दिलं असतं तरी चाललं असतं, हे आज कळतं. तेव्हा मला त्याची लाज वाटली. खरं सांगतो, तुमची नाही वाटली, त्या भाषेची वाटली. पहिल्या वर्षाला माझ्या निबंधावर लाल गोल करून बाईंनी लिहिलेलं, "घरची भाषा घरी." मला वाटलं, साहेब लोक या अर्जावरही असेच गोल करतील. म्हणून मी तुमचं म्हणणं माझ्या भाषेत लिहिलं. म्हणजे माझ्याही नाही, पुस्तकातल्या. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन की सदर चित्रपटगृह हे शहराच्या सांस्कृतिक जडणघडणीचा अविभाज्य घटक असून." तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत.

"झ्याक आहे. पण यात मी कुठं आहे?"

खाली सहीला आहात, असं मी म्हणालो. तुम्ही सही केलीत. दोन दिवसांनी मला त्यात चूक सापडली, पुन्हा लिहिलं, पुन्हा सही घेतली. त्यातही एक खाडाखोड झाली. तिसऱ्या वेळी तुम्ही पेन हातात घेऊन शोभाताईला हाक मारलीत आणि म्हणालात, "मिठागरावरची जमीन आहे ना आपली, ती लिहून घेतोय हा. साक्षीला ये." ताई हसल्या, मी पण हसलो. तो तिसरा अर्ज घेऊन मी उद्याच देतो म्हणून निघालो.

उद्या दिला नाही. सरांना दाखवून मग देऊ, असं वाटलं. सर परीक्षेच्या कामात होते. आठवडा गेला. मुदतीच्या आधीच्या सोमवारी तुमचा फोन आला. काय झालं मास्तर, दिलास का? मी म्हटलं, दिला. शिक्का पण मारून घेतला. हे वाक्य तोंडातून कसं गेलं ते मला आजही सांगता येत नाही. मनात होतं की उद्या खरंच देणार आहे, म्हणजे एका दिवसापुरतंच खोटं. मंगळवारी सरांनी अर्ज तपासून दिला, चार ठिकाणी दुरुस्त्या करून. बुधवारी टाईप करायला टाकला. गुरुवारी छापलेली सुंदर प्रत हातात आली आणि मग लक्षात आलं की तिच्यावर तुमची सही नाही. सही घ्यायची तर तुम्हाला सांगावं लागणार होतं की पहिला अर्ज दिलेलाच नाही.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, माझ्या सॅकमध्ये दोन अर्ज होते. एकावर सही होती आणि सरांच्या दुरुस्त्यांची खाडाखोड होती. दुसरा स्वच्छ होता आणि सही नव्हती. दोन्हींपैकी कुठलाही एक चालला असता का, मला माहीत नाही. सहीवाला नक्की चालला असता. पण त्याच दुपारी प्रकल्पाचं सादरीकरण होतं. बाहेरून पाहुणे आलेले. सरांनी त्यांना सांगितलं, याने नुसती माहिती गोळा केली नाही, टॉकीज वाचवायला प्रत्यक्ष अर्जही दिलाय. सकाळी सरांनाही मी तेच सांगितलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो झाला. बाहेर आलो तेव्हा सव्वापाच झालेले. पालिकेत अर्ज घ्यायची आवक खिडकी पाचला बंद होते. मी तरी धावलो का? नाही. मित्रांबरोबर मिसळ खायला गेलो, आणि मिसळ चांगली होती हेही आठवतंय. प्रकल्पाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. परिशिष्टात तो अर्ज आहे, बिनसहीचा.

रविवारी तुमच्याकडे आलो तेव्हा ताई चहा टाकत होत्या. तुम्ही खाटेवर बसून फडक्याने चष्मा पुसत होतात. आणि अगदी साध्या आवाजात विचारलंत, पोच आहे ना तुझ्याकडे, शिक्क्याची? मी म्हटलं, हो काका, फाईलला लावलीय. तुम्ही बरं म्हणालात. चष्मा घातलात. "अजून काय?" असं म्हणालात आणि माझ्याकडे बघत राहिलात. मी परीक्षेचं काहीतरी सांगायला लागलो. त्या दिवशी डेपोतल्या अनाउन्समेंटला तुम्ही थांबला नाहीत, हे माझ्या लक्षात आलेलं. म्हटलं, तब्येत बरी नसेल.

त्यानंतर मी तुमच्याकडे येणं टाळलं. तुमचे दोन फोन घेतले नाहीत. एकदा घेतला, तेव्हा तुम्ही म्हणालात, या शुक्रवारी ये, मशीनला नवीन तेल आणलंय, आवाज ऐकून जा. मी म्हटलं पेपर आहेत. पेपर संपलेले होते.

दोन महिन्यांनी ताईंचा फोन आला. बाबा गेले रे, एवढंच म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. घरात तुमची मिठागरावरची माणसं बसलेली. ताईंनी माझी ओळख करून दिली, हा तो मास्तर. एक म्हातारे मामा लगेच म्हणाले, अच्छा, टॉकीजचा अर्ज दिला तो. बाळाराम सगळ्यांना सांगत होता, पोरगं खडवलीवरून येतं, माझं काम करतं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. बोलायची तीच वेळ होती. ताईंनी पाणी दिलं, ते मी प्यायलो.

निघताना ताईंनी चावी दिली, मालकांना पोचवशील का म्हणाल्या. मी लगेच पोचवली नाही. शुक्रवारची वाट बघितली. झेंडूचा हार घेतला, उदबत्ती घेतली, मागच्या दाराने आत गेलो. हार घातला. मग तेलाची बाटली हातात घेऊन उभा राहिलो, आणि तेल नेमकं कुठे घालायचं ते मला माहीत नव्हतं. तुमच्या बोलण्याची तीस-चाळीस रेकॉर्डिंगं आहेत माझ्याकडे. त्यात मी तिकीट खिडक्या विचारल्यात, खेळांच्या वेळा विचारल्यात, कुठला सिनेमा किती आठवडे चालला ते विचारलंय. हे विचारलेलं नाही. फिरवायला गेलो तर हँडल हललं नाही, आणि जोर लावायची भीती वाटली. काही मोडलं असतं तर कुणाला सांगितलं असतं?

खाली येऊन स्टॉलच्या एका खुर्चीवर बसलो. पडद्याला दोन ठिकाणी भोकं आहेत, पण भिंती कोरड्या आहेत, तुम्ही म्हणायचात तशा. पन्नास खुर्च्या इथे सहज मावतील. आईला इथे बसवता आलं असतं. चाळीतल्या दोन-चार बाया दुपारची कामं उरकून चालत येतील, चपला काढून पाय वर घेऊन बसतील, असं मला पहिल्यांदाच डोळ्यांपुढे दिसलं. आठ महिने मी टॉकीज वाचवायच्या गोष्टी लिहीत होतो, पण ती वाचावी असं मनापासून वाटलं ते त्या दिवशी. मुदत संपून तेव्हा सव्वादोन महिने होऊन गेलेले.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. शेवट सुचत नव्हता. सरांना देऊन टाकावं, त्यांनाही खरं काय ते कळेल, असं ठरवून झोपलो.

आज दुपारी वर्गाबाहेर असताना एक अनोळखी फोन आला. पालिकेतून बोलतोय, म्हणाले. बाळाराम यांचा नंबर लागत नाही, अर्जावर खाली दुसरा नंबर तुमचा आहे. मला वाटलं ऐकण्यात चूक होतेय. कुठला अर्ज, असं मी विचारलं. चंद्रदीप टॉकीजचा, ते म्हणाले, त्या जागेवर आलेली एकच हरकत आहे. मी तारीख विचारली. त्यांनी कागद उलटल्याचा आवाज आला. शिक्का गुरुवारचा होता. मुदतीच्या आदल्या दिवसाचा.

मी सांगितलं की काका गेले. ते म्हणाले, मला आठवतात काका. एकटेच आलेले, डोळ्यांना कमी दिसत होतं. आधी विचारत होते की याच टॉकीजचा माझ्या नावाचा अर्ज आलाय का, सोमवारच्या आसपास. मी रजिस्टर दोनदा बघितलं, नाही म्हटलं. मग बाकावर बसून त्यांनी हाताने लिहिला. मोठं अक्षर, दीड पान. देताना परत मागून घेतला आणि खाली तुमचा नंबर टाकला.

त्यांना वाटलं लाईन कट झाली.

"हॅलो, ऐकताय ना? नंबरापुढे मास्तर लिहिलंय. तुम्ही कुठल्या शाळेवर आहात?"

मी कुठल्याच शाळेवर नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, असू दे, सुनावणी लागलीय. मालकांचा माणूस येणार आहे. हॉलचा मुद्दा चर्चेला घेतलाय, पण अर्जदाराच्या बाजूने कोणी आलं नाही तर हरकत निकाली निघेल. मुलीचं संमतीचं पत्र घेऊन तुम्ही आलात तरी चालेल, त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवायचं, प्रत इथे मिळेल.

काका, बुधवारी सकाळी अकरा वाजता आहे.